हौसाबाईंचा राग

हौसाबाईंचं बोलणं नेहमी भांडणाच्या मधूनच सुरू व्हायचं. सकाळी मी दारात दात घासत उभी असले, की त्या गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत आणि म्हणत, “आणि वर मलाच सांगतो, धीर धरा म्हणून.” कोण सांगतो, कशाबद्दल, काही पत्ता नसायचा. भांडणाचा आधीचा भाग त्यांनी मनातल्या मनात उरकलेला असायचा. मग मी विचारायचं, “कोण वहिनी?” आणि त्यांनी माझ्याकडे असं बघायचं, की या मास्तरीणबाईंना एवढंसुद्धा कळत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कळंबच्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली आणि त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. खोली दाखवतानाच त्यांनी बजावलं होतं, “आमच्या घरात आवाज लई असतो. चालणार असंल तर सामान आणा.” घरात नवरा बबनराव, सासू आणि एक मुलगी, सविता. शेजारीच मोठ्या दिरांचं घर. कांदा-बटाट्याची शेती. बबनराव इतके हळू बोलायचे की घरातला सगळा आवाज हौसाबाईंचाच आहे, हे कळायला मला दोन दिवसही लागले नाहीत. त्याचं कारण कळायला मात्र आणखी थोडे दिवस जावे लागले.

सविता, म्हणजे सवी, माझ्याच दुसरीच्या वर्गात होती. एकदा कविता म्हणता म्हणता ती गप्प झाली. डोळे एकाच जागी लागले, ओठ चघळल्यासारखे हलायला लागले आणि ती बसकरावरून आडवी झाली. अंग ताठ, मग झटके. मी फळ्यापाशी उभी होते, ती तिथंच उभी राहिले. शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले आणि त्यांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. कुणी म्हणे कांदा आणा, कुणी म्हणे दातात चमचा घाला. तेवढ्यात हौसाबाई आल्या. हात मातीनं भरलेले, पदर खोचलेला. घर शाळेच्या मागेच होतं आणि कुणीतरी सांगायला गेलं होतं. त्यांनी सवीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा पदर सरकवला आणि मांडी घालून बसल्या.

“आता कुणी कायबी करायचं न्हाई. नुसतं थांबायचं.”

गुरुजी चप्पल घेऊन उभेच होते. हौसाबाईंनी वर बघितलं. “गुरुजी, ती पायात घाला.”

झटके थांबले. सवी घोरायला लागली, तशी त्यांनी तिला खांद्यावर टाकलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्या म्हणाल्या, “घाबरू नका. मला बी शिकायला येळ लागला. पयल्यांदा मीच चमचा घातला व्हता. तिचा पुढचा दात मीच पाडलाय.”

सवीला तिसऱ्या वर्षी तापात पहिली आकडी आली. ताप गेला, आकडी राहिली. गावात कुणी फेफरं म्हणे, कुणी मिरगी. हौसाबाई पुण्याच्या दवाखान्यात जायला लागल्यापासून ‘फिट’ म्हणायच्या आणि इतरांनाही म्हणायला लावायच्या. ‘फेफरं’ म्हटलं की माणसं दोन पावलं मागं सरकतात, फिट म्हटलं की निदान औषध विचारतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. महिना दोन महिने बरे जायचे. हौसाबाई जरा मोकळेपणानं बोलायला लागायच्या, पोरीच्या वेणीत फूल घालायच्या. मग एकाएकी चुलीपाशी, रस्त्यात, जेवता जेवता सवी कोसळायची, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

चुलीपाशी कोसळली तेव्हा हात भाजला. रस्त्यात कोसळली तेव्हा भुवई फुटली. नंतर तर नदीवर जायचं नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही, गच्चीवर चढायचं नाही, स्टोव्ह पेटवायचा नाही, अशी सवीच्या आयुष्यात नुसती ‘नाहीं’ची रांग लागली.

त्या वर्गातल्या प्रकारानंतर मुख्याध्यापकांनी बबनरावांना बोलावून घेतलं. पोरीला घरीच ठेवा, काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं ते म्हणाले. बबनराव “बरं” म्हणून परतले. दुसऱ्या दिवशी शाळा भरली तेव्हा हौसाबाई वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बसलेल्या. समोर मेथीचा ढीग, हातानं जुड्या बांधणं चालू.

“अहो, इथं काय हे?” मुख्याध्यापक म्हणाले.

“जबाबदारी माझी. म्हणून आलेय.”

“शाळेत भाजीचा बाजार मांडता येणार नाही.”

“विकत न्हाई, बांधतेय. बसायला बंदी हाय का?”

बंदी असल्याचं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्या वर्षभर येत राहिल्या. मेथी, कोथिंबीर, निवडायचे गहू, शिवायची गोधडी, काही ना काही घेऊन. पोरांचे पाढे चुकले की बाहेरून आवाज यायचा, “सात आठे छप्पन.” पोरं हसायची. सवी मान खाली घालायची. तिला आईची लाज वाटायची, हे माझ्या समोर बसल्यामुळे मला दिसायचं. बाहेर मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या हौसाबाईंना ते दिसत नव्हतं, की दिसत असूनही त्या येत होत्या, ते मला सांगता येणार नाही.

पुण्याच्या दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर बरेचदा गेले, सुट्टी असली की. पहाटेची एसटी, मग रांग, मग आणखी एक रांग. दरवेळी टेबलाशी नवा शिकाऊ डॉक्टर. आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “फिट कधीपासून येतात?” हौसाबाई पहिल्यापासून सांगायच्या. पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर, तोच प्रश्न. एकदा त्यांनी कागदांची पिशवीच टेबलावर ठेवली.

“आधी तुमी आपसात बोलून घ्या. मी बाहेर बसते. झालं की हाका मारा.”

तो बिचारा पोरगेला डॉक्टर गोंधळून गेला. त्याचीही चूक नव्हती. पण हौसाबाईंच्या रागाला चूक असलेला माणूस दर वेळी सापडायचाच असं नाही, आणि तीच तर त्यांची अडचण होती.

औषधं बदलत गेली. एका गोळीनं सवीच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या. ती बदलून दिली, तर दुसरीनं ती दिवसाढवळ्या वर्गात झोपायला लागली. मी हलवून उठवायचे, ती “हो बाई” म्हणायची आणि परत डोकं दप्तरावर. फिट जरा कमी झाल्या होत्या, डॉक्टर समाधानी होते. हौसाबाई मला म्हणाल्या, “फिट थांबवायला गेले आणि पोरगीच थांबवून ठेवली त्यांनी.” मग गोळीचं प्रमाण कमी केलं, की फिट हजर. झोप आणि फिट यांच्या मधे कुठंतरी सवी होती, आणि ती जागा काही कुणाला सापडत नव्हती.

घरात सासूबाईंचं वेगळंच चालायचं. त्या वाईट नव्हत्या. नातीवर जीव होता, म्हणून अंगारे, धुपारे, उतारे. हौसाबाई सगळ्याला हो म्हणायच्या. “करू द्या आत्याबाईंना. गोळी चुकली न्हाई म्हंजे झालं.” गोळ्या त्या कमरेच्या बटव्यात ठेवत आणि वेळेवर स्वतःच्या हातानं देत.

सवी पाचवीत असताना हौसाबाई भावाच्या लग्नाला माहेरी, पिंपळवंडीला गेल्या. लग्नाच्या गर्दीत दगदग नको म्हणून सवीला घरी ठेवलं, गोळ्या बबनरावांच्या हातात दिल्या आणि दहा वेळा समजावून गेल्या. त्या गेल्यावर मोठे दीर आणि सासूबाई सवीला घेऊन डिंभ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका देवऋषाकडे गेले. बबनराव बरोबर होते. देवऋषानं अंगारा दिला. परत आल्यावर दीर म्हणाले, “देवाचं आणि डॉक्टरचं एका वेळी चालत न्हाई. आठवडाभर गोळ्या बंद ठेवू, गुण येतो का बघू.” बबनरावांनी “बरं” म्हटलं. मला यातलं काही माहीत नव्हतं, मी सुट्टीत गावी गेले होते.

मी परतले त्याच दिवशी दुपारी घरात आरडाओरडा ऐकू आला. सवीला फिट आली होती आणि थांबत नव्हती. एक संपते न संपते तोवर दुसरी, मधे शुद्धच नाही. कुणाची तरी जीप काढून मंचरला नेलं, तिथून पुण्याला. निरोप मिळाला तशा हौसाबाई हळदीच्या अंगानंच परस्पर दवाखान्यात पोचल्या. सवी वाचली. पण नंतर कितीतरी दिवस तिला साधे शब्द आठवत नव्हते. तांब्याला ‘ते पाण्याचं’ म्हणायची.

दवाखान्यातून आल्यावर हौसाबाई दिरांशी बोलल्या नाहीत. सासूबाईंशी बोलल्या नाहीत. बबनराव एवढंच म्हणाले, “मला तिचं ते बघवत न्हाई. वाटलं, देवानं तरी...”

“आणि मला बघवतं व्हय?” हौसाबाई म्हणाल्या. तेवढंच. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना पूर्वी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी त्या माझ्या दारात आल्या. “चला. त्या देवऋषाकडं जायचंय. तुमी शिकलेल्या, तुमी बरोबर असल्या की त्याला नीट बोलता येईल.”

नीट म्हणजे काय ते मला माहीत होतं. एसटीनं डिंभ्यापर्यंत, पुढं जीप, पुढं पायी चढण. हौसाबाई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, सगळं साठवून ठेवत होत्या. वाडीत पोचलो तेव्हा देवऋषी अंगणात नाचणी वाळत घालत होता. किडकिडीत म्हातारा, अंगात बंडी. हौसाबाईंनी उभ्या उभ्याच सुरुवात केली. पोरगी मरता मरता वाचली, तू कोण गोळ्या बंद करणारा, असं बरंच काही. म्हातारा ऐकत राहिला. त्या दमल्यावर म्हणाला,

“बाई, गोळ्या बंद करा असं मी म्हनलो न्हाय. माझी नात हाय, तिला बी हाच आजार. मंचरच्या डॉक्टरची गोळी चालू हाय तिची. अंगारा देतो मी, गोळी कशाला बंद करू?”

आत बघून त्यानं हाक मारली. एक परकर-पोलक्यातली मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिच्याही कपाळावर जुनी खोक होती. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “हिला कोणती गोळी?” म्हाताऱ्यानं पाकीट आणून दाखवलं. दोघं अंगणात बसून बराच वेळ गोळ्यांबद्दल बोलले. झोप येते का, हिरड्या सुजल्या का, जत्रेला नेता का. निघताना म्हाताऱ्याच्या बायकोनं आम्हाला कोरा चहा दिला.

उतरताना हौसाबाई फणफणत होत्या. “भांडायला आले, तर हा निघाला शहाणा. आता कुणाशी भांडू मी?”

माझं लग्न झालं आणि मी मंचरला राहायला गेले. शाळा कळंबचीच राहिली, त्यामुळे भेटी होत. सवी दहावीपर्यंत कशीबशी पोचली आणि गणितात अडकली. त्याच सुमारास पुण्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले, आणि म्हणाल्या, “काही जणांच्या फिट कुठल्याच गोळ्यांनी पूर्ण थांबत नाहीत. आपण कमी करायचा प्रयत्न करत राहू. पण तुमचं काही चुकलं म्हणून असं होतंय, असं नाही.”

परतीच्या एसटीत हौसाबाई खिडकीशी बसल्या होत्या. सवी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. खेड मागं पडलं. मग एकदम म्हणाल्या, “हे कुणीच का सांगितलं न्हाई?”

“कोणतं, वहिनी?”

“मला वाटायचं, माझंच कायतरी राहतंय. गोळी पाच मिन्टं उशिरा दिली असंल. तवा ताप आला, तवा कपाळावर ओली पट्टी उशिरा ठेवली असंल. रोज तेच उकरत बसायचे मी. इतकी वर्षं.” त्यांनी नाक पुसलं. “एवढं एक वाक्य. ते बोलायला काय लागतं?”

मला वाटलं होतं, आता त्यांचा राग निवळेल. तसं काही झालं नाही. पूर्वी त्या बरं होईल या आशेवर चिडायच्या, आता त्या आशेशिवाय चिडायला लागल्या, आणि मोठी होत चाललेली सवी त्यांच्या समोरच होती.

सवी अठरा-एकोणीसची झाली. तिला मैत्रिणींबरोबर जत्रेला जायचं असायचं, सायकल शिकायची असायची. हौसाबाई अंघोळीला गेलेल्या सवीला न्हाणीची कडी लावू द्यायच्या नाहीत, बाहेर उभ्या राहून दर दोन मिनिटांनी हाक मारायच्या. सवीनं ओ दिली नाही की दार ढकलून आत. एकदा असंच झालं आणि सवी ओल्या केसांनी बाहेर येऊन ओरडली. मी नेमकी ओट्यावर बसले होते.

“फिट कधीतरी येते, आई. तू रोज येतेस.”

हौसाबाईंनी तांदळाचं सूप पुन्हा हातात घेतलं. त्या ते पाखडत राहिल्या. सूप जरा जोरात वाजलं, एवढंच.

मग स्थळ आलं. जुन्नरकडचा मुलगा, घरची बागायत. दिरांनी आणलेलं. आदल्या दिवशी दीर येऊन सांगून गेले, “आजाराचं काय बोलायचं न्हाई. लग्न झालं की समदं ठीक होतं.” बबनराव अर्थात “बरं” म्हणाले. हौसाबाईंनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं, पोहे करायला हाताशी कुणी हवं म्हणून.

पाहुणे बसले. सवीनं पोह्यांच्या बशा दिल्या. मुलगा बरा होता, सवीला तो आवडला असावा, कारण ती आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात बाहेरून हौसाबाईंचा आवाज आला.

“पावणं, एक सांगायचं राहिलं. पोरीला फिट येतात. गोळ्या चालू हायेत, तरी येतात. जन्मभर येतील. बाकी पोरगी कामाची हाय.”

बशा खाली ठेवल्याचे आवाज आले. पाहुणे सभ्य होते. विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. दीर बाहेर जाऊन चपला आपटत राहिले. मला वाटलं, सवी रडेल. ती चुलीपाशी सरळ उभी होती.

“मी सांगणार व्हते,” ती आईला म्हणाली. “त्याला बाजूला घेऊन. माझ्या तोंडानं. ठरवलं व्हतं मी.”

“तू सांगितलं असतंस तरी तो गेलाच असता.”

“जाऊ दे ना. पण माझ्या सांगण्यानं गेला असता.”

हौसाबाईंनी उरलेले पोहे झाकून ठेवले. त्या दिवशी त्या घरात खरोखरच आवाज नव्हता.

यानंतर थोड्याच दिवसांनी सवीनं मंचरला शिवणकामाच्या क्लासला नाव घातलं. एकटी जाणार, एसटीनं. आई बरोबर आली तर जाणार नाही, असं तिनं निक्षून सांगितलं. हे मला बबनरावांकडून कळलं. ते म्हणाले, “हौसानं हो म्हटलं. मला खरंच वाटंना.”

पुढच्या महिन्यात मी दुपारी मंचरच्या बाजारात भाजीला निघाले होते. भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो क्लास होता. समोर रस्त्याच्या अलीकडे एक रसवंती. तिथं रचलेल्या उसाच्या मोळ्यांमागे मला ओळखीचा पदर दिसला.

“आणि म्हणते, स्टँडपर्यंत बी येऊ नको,” मला बघताच हौसाबाई म्हणाल्या.

“तुम्ही इथं काय करताय?”

“भाजीला आले.” हातात पिशवी नव्हती.

सवी एसटीत बसली की त्या मागच्या जीपनं यायच्या. क्लास सुटून ती परतीच्या गाडीत बसली की पुन्हा मागच्या जीपनं कळंबला.

“रोज?”

“रोज न्हाई,” त्या रागानं म्हणाल्या. “गुरुवारी न्हाई आले. पावणे व्हते.”

तेवढ्यात समोरच्या जिन्यावरून पाच-सहा मुली खाली आल्या. मधे सवी, पिवळी ओढणी, काहीतरी सांगत हसत होती. हसता हसता थांबली. तिची बोटं ओढणीचं टोक चिवडायला लागली. मला काही कळायच्या आत हौसाबाई म्हणाल्या, “आली.” आणि रस्त्यात उतरल्या.

मधून एक टेंपो गेला. तो सरकला तेव्हा सवी खाली होती, पण एकटी नव्हती. निळ्या ड्रेसमधल्या एका मुलीनं तिला वळवून घेतलं होतं, दुसरीनं चपला, पिशव्या बाजूला केल्या होत्या, आणि तिसरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढं झालेल्या एका माणसाला अडवून सांगत होती, “काका, नको. मागं व्हा. आत्ता थांबंल.” ते त्यांना सवीनंच सांगून ठेवलं असणार.

हौसाबाई रस्त्याच्या कडेला थबकल्या. मी म्हटलं, “जा ना वहिनी.”

त्या गेल्या नाहीत. पदराचं टोक मुठीत आवळून उभ्या राहिल्या. झटके थांबले. काही वेळानं सवी उठून बसली, तोंड पुसलं, ओरबाडलेलं कोपर बघितलं आणि अवघडून इकडं तिकडं नजर टाकली. तशा हौसाबाई झटकन मोळ्यांमागे सरल्या. मुलींनी सवीला पाणी दिलं आणि दोन्ही बाजूंनी धरून परत वर क्लासमधे नेलं.

“त्या निळीनं बरोबर वळवलं,” हौसाबाई म्हणाल्या. मग लगेच, “पण पाणी लवकर पाजलं. पुरती शुद्ध यायच्या आधी पाणी द्यायचं नसतं. ठसका लागतो. हे कुणी सांगायचं त्या पोरींना?”

“तुम्हीच सांगा.”

“मी कशी सांगू?” त्या माझ्यावर खेकसल्या. “मी तर कळंबला हाये.”

रसवंतीवाल्यानं विचारलं, “मावशी, रोज उभ्या राहता, आज रस तरी घ्या.” त्यालाही त्या काहीतरी बोलल्या. पण बाकावर बसल्या. मी घरी चला म्हटलं. त्यांनी मान हलवली.

कोपऱ्यावरून मी वळून बघितलं. रसाचा पेला त्यांच्यासमोर तसाच होता. त्या जिन्याकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि एकट्याच काहीतरी बोलत होत्या.